देवाच्या जखमा, दहा पौंड

9 जानेवारी 1634 ची सकाळ. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने सर हेन्री हर्बर्टला आपल्या खासगी दालनात बोलावलं आणि खिडकीपाशी नेलं. हस्तलिखित वाचायला उजेड हवा, म्हणूनच असावं. हर्बर्ट हा 'मास्टर ऑफ द रेव्हल्स'. आपल्याकडचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ एकाच माणसात कोंबलं तर जे होईल, ते हे पद. समोर होती विल्यम डॅव्हनंटच्या 'द विट्स' या नाटकाची प्रत, आणि तिच्यावर हर्बर्टनं जागोजागी मारलेल्या फुल्या. एंडिमियन पोर्टर नावाच्या दरबाऱ्यानं आदल्या महिन्यात राजाकडे त्याबद्दल गाऱ्हाणं नेलं होतं.

राजानं एकेक फुली तपासली. 'फेथ', 'डेथ' आणि 'स्लाइट' हे उद्गार त्याच्या मते शपथा नव्हत्याच. माणूस बोलण्याला जोर यावा म्हणून असं म्हणतो, एवढंच. ते ठेवा, असा हुकूम झाला. बाकीच्या बहुतेक फुल्या कायम राहिल्या. हर्बर्टनं नंतर आपल्या दप्तरात जी नोंद केली ती मोठी मासलेवाईक आहे. राजा माझा धनी, त्याचा निर्णय मला मान्य; पण माझी समजूत अशी की या शपथाच आहेत, आणि माझं मत व माझी शरणागती दोन्ही दिसावीत म्हणून हे इथं टिपून ठेवतो, असा तिचा आशय. नोकरी सांभाळून मतभेद नोंदवण्याचा इतका सभ्य नमुना आजच्या सरकारी टिपणीतसुद्धा सापडायचा नाही.

भांडण चिल्लर वाटतं. पण 'स्लाइट' म्हणजे 'गॉड्स लाइट', देवाचा प्रकाश. 'डेथ' म्हणजे 'गॉड्स डेथ', क्रुसावरचं मरण. ही तर पहिल्या एलिझाबेथ राणीची आवडती आण होती असं सांगतात. याच घराण्यात 'स्ब्लड' (देवाचं रक्त), 'स्लिड' (देवाची पापणी), 'स्नेल्स' (देवाचे खिळे) अशी मंडळी आहेत. आणि घराण्यातला सगळ्यांत दणकट, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नाटकांत गरजणारा उद्गार म्हणजे 'झाउंड्स'.

हा शब्द नीट सोलून पाहण्यासारखा आहे. मूळ आण 'गॉड्स वूंड्स', देवाच्या जखमा: ख्रिस्ताच्या हातापायांतल्या चार आणि कुशीतली एक, अशा पाच. त्यातला 'गॉड' बोलता बोलता गिळला गेला. मागे राहिला षष्ठीचा 'स'. तो 'वूंड्स'ला जाऊन चिकटला आणि 'झाउंड्स' तयार झाला. (उच्चाराला आपल्याला 'झाड'मधला झ आयता मिळतो, हे मराठीचं भाग्य.) अख्ख्या परमेश्वरातून शिल्लक काय राहिलं, तर विभक्तीचा प्रत्यय.

हीच शस्त्रक्रिया झालेला एक शब्द मराठी माणसाच्या कानावर दिवसातून दहादा पडतो. 'त्याच्या आईला', 'तिच्या आईला' यातली 'तो' आणि 'ती' गाळायची, 'च्या' तेवढा ठेवायचा, की झालं 'च्यायला'. पुढे तोही झिजून 'आयला'वर आला, आणि 'आयला' आता कुणी मनावरही घेत नाही. धनी गाळायचा आणि मालकीचा प्रत्यय ठेवायचा, ही युक्ती दोन्ही भाषांना आपापली सुचली. फरक इतकाच की मराठीत गाळला तो कुणी सोम्यागोम्या होता. इंग्रजीत गाळला तो देव.

आणि तिथंच पेच पडला. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, अशी दहा आज्ञांपैकी एक आहे. प्रॉटेस्टंट बहुधा तिला तिसरी म्हणतात, कॅथलिक दुसरी. आता नाव घेतलंच नाही, नुसता प्रत्यय उच्चारला, तर आज्ञा मोडली की पाळली? नावाचं पावित्र्य त्याच्या ध्वनीत असतं की बोलणाऱ्याच्या मनात? ध्वनीत असेल तर 'झाउंड्स' म्हणणारा निर्दोष. मनात असेल तर तो दुप्पट दोषी, कारण त्यानं शपथही घेतली आणि वर देवाला फसवायलाही पाहिलं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या दोघांचा वाद खरा हा होता.

पण आण घ्यायला देवाचं अंगच का लागावं? मराठी पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. 'आईशप्पथ' म्हणताना गळ्याची कातडी चिमटीत धरायची, आणि खोटं बोललो तर आई मरते, हे ज्याला लहानपणी कुणी सांगितलं नाही असा विरळाच. म्हणून तर कुणी शपथ घातली की ताबडतोब 'सुटली म्हण' असा धोशा लावायचा. शपथ ज्याच्या देहाची, इजा त्या देहाला. मध्ययुगीन इंग्लंडमधले धर्मोपदेशक अगदी हेच सांगत, फक्त देह ख्रिस्ताचा. रॉबर्ट मॅनिंग या साधूनं 1303 मध्ये लिहायला घेतलेल्या 'हँडलिंग सिन' या ग्रंथात एक गोष्ट आहे. शपथा घेण्यात पटाईत असलेल्या एका श्रीमंताला दुखण्यात कुमारी मेरी दिसते. तिच्या मांडीवर रक्तबंबाळ, लक्तरं झालेलं मूल असतं. याला हे कुणी केलं, असं तो विचारतो. तूच, असं ती सांगते.

बकिंगहॅमशरमधल्या ब्रॉटन गावच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या भिंतीवर हीच गोष्ट चित्रातून सांगितली आहे. पंधराव्या शतकातलं ते चित्र आजही तिथं आहे. गाव आता मिल्टन कीन्स शहरात मुरून गेलं. मधोमध मेरी, तिच्या मांडीवर छिन्नविच्छिन्न ख्रिस्त, आणि भोवती फॅशनेबल कपड्यांतले तरुण उभे. त्यांच्या हातांत ख्रिस्ताच्या शरीराचे तुकडे आहेत. ज्यानं ज्या अवयवाची आण घेतली, तो त्यानं तोडून नेला. लिंकनशरमधल्या कॉर्बी ग्लेनच्या चर्चमध्येही असंच एक चित्र आहे. ज्या काळात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्या काळात हे म्हणजे बोलताना तोंड सांभाळा अशी पाटीच.

चॉसरला हा सगळा मामला पाठ होता. 'कँटरबरी टेल्स'मध्ये खाणावळीचा यजमान डॉक्टरची करुण कहाणी ऐकून हळहळतो आणि वेड्यासारखा खिळ्यांच्या व रक्ताच्या शपथा घेत सुटतो. लगेच पुढची गोष्ट सांगायला उभा राहतो तो पार्डनर, पापक्षालनाची पत्रकं विकणारा. शपथांनी ख्रिस्ताचा देह फाटतो, असं तो तावातावानं सांगतो; आणि त्याच्या स्वतःच्या झोळीत संतांच्या अस्थी म्हणून डुकराची हाडं असतात. दुसऱ्या एका ठिकाणी साधासुधा पॅरिश पाद्री यजमानाला शपथांवरून टोकतो, तर यजमान नाक वर करून म्हणतो, मला इथं लोलार्डाचा वास येतोय. लोलार्ड म्हणजे त्या काळचे बंडखोर सुधारक. थोडक्यात, शपथ न घेणारा माणूसच संशयास्पद. देवाचं नाव उठताबसता घेणं ही मामुली धार्मिकता होती, आणि ते टाळणं हे पाखंडाचं लक्षण.

पाच जखमा तर उघड उघड भक्तीचा विषय होत्या. त्यांच्या प्रार्थना होत्या, त्यांची चित्रं होती. आठव्या हेन्रीनं मठ बंद करायला घेतले तेव्हा 1536 मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये हजारो लोक उठले, त्या उठावाच्या निशाणावर याच पाच जखमा होत्या. बंड चिरडलं गेलं, ती भक्तीही पुढे हद्दपार झाली. साठेक वर्षांनी त्याच जखमा लंडनच्या नाट्यगृहांत गुंडांच्या आणि सरदारांच्या तोंडी उरल्या होत्या. वाड्यातल्या देवघराचा दरवाजा जुन्या बाजारात सापडावा, तसं.

1606 मध्ये पार्लमेंटनं नाटकवाल्यांना वेसण घालणारा कायदा केला. रंगमंचावर देव, येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचं नाव चेष्टेनं वा अनादरानं घेतलं, तर दर गुन्ह्याला 10 पौंड दंड; निम्मा राजाला, निम्मा खटला भरणाऱ्याला. तेव्हा ग्लोब थिएटरच्या चौकात उभं राहून नाटक पाहायला 1 पेनी पडायची. 10 पौंड म्हणजे 2,400 पेन्या. उभ्या गर्दीतल्या 2,400 जणांचे पैसे एका उद्गारात गेले असते. त्यातून दंडाचा अर्धा वाटा लाटायला टपलेला माणूस त्याच गर्दीत असणार.

आता गंमत बघा. कायद्यात निषिद्ध आहे ते नाव. 'झाउंड्स'मध्ये नाव नाही. वकील सहज सुटला असता. तरी नाटकवाल्यांनी, लेखनिकांनी किंवा छापणाऱ्यांनी, कुणी ते नक्की सांगता येत नाही, 'झाउंड्स'वर सरसकट कात्री चालवली. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो', देवलांच्या 'झुंझारराव'मुळे मराठी रंगभूमीच्या ओळखीचं, दोन रूपांत छापलेलं आहे: 1622 ची सुटी प्रत आणि 1623 चा मोठा संग्रह, ज्याला 'फर्स्ट फोलिओ' म्हणतात. सुट्या प्रतीत इयागो तोंड उघडल्या उघडल्या देवाच्या रक्ताची आण घेतो. मध्यरात्री म्हाताऱ्याच्या दाराशी, तुमची पोरगी पळाली, म्हणून आरडाओरडा करताना जखमांचीही घेतो. फोलिओत या आणा नाहीत. अशा पन्नासेक शपथा त्या एका नाटकातून गेल्या. ज्याचा कशावरच विश्वास नाही असा माणूस ख्रिस्ताच्या जखमा हातोड्यासारख्या वापरतो, हा इयागोच्या स्वभावाचा एक पदर होता. छाटणीत तोही गेला. देवाची अब्रू राखताना खलनायक जरा सभ्य झाला.

'रिचर्ड द थर्ड'मधला बळी तर फारच हळहळण्याजोगा. सिंहासनासाठी हपापलेला रिचर्ड दोन धर्मगुरूंच्या मध्ये, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभा राहतो आणि राज्य नको म्हणण्याचं नाटक करतो. त्याचा साथीदार बकिंगहॅम आधीच ठरल्याप्रमाणे चिडतो आणि 'झाउंड्स' म्हणत विनवण्या पुरे करतो. त्यावर पुतण्यांच्या जिवावर उठलेला हा माणूस त्याला हळूच समजावतो की बाबा, शपथ नको घेऊस. फोलिओत 'झाउंड्स' गेला, आणि उत्तराला अर्थ उरला नाही म्हणून तेही गेलं. म्हणजे ढोंगी धार्मिकतेवरचा नाटकातला एक उत्तम विनोद धार्मिकतेपोटीच कापला गेला.

'हेन्री द फोर्थ'मध्ये याच्या उलट घडलं. तापट सरदार हॉटस्पर आपल्या बायकोला फटकारतो की तू मिठाईवाल्याच्या बायकोसारख्या मिळमिळीत शपथा घेतेस. बड्या घरची बाई आहेस, तर तोंडभर आण घे. शपथ ही तलवारीसारखी खानदानी वस्तू, दुकानदारांनी ती कमरेला लावायची नसते, असा त्याचा हिशेब. फोलिओत हे भाषण शाबूत आहे. फक्त हॉटस्परचे स्वतःचे 'झाउंड्स' काढून तिथं 'येस' वगैरे घातलं आहे. बायकोला तोंडभर शपथेचा धडा देणारा सरदार स्वतः मिठाईवाला होऊन बसला, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात न आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे 'किंग जॉन'. त्याच फोलिओतल्या या नाटकात अनौरस फिलिपच्या तोंडचा एक 'झाउंड्स' कात्रीतून निसटला तो निसटलाच.

ही लपवालपवी एकट्या इंग्रजांची नाही. फ्रेंचांनी 'द्यू' म्हणजे देव याच्या जागी यमक जुळतं म्हणून 'ब्ल', म्हणजे निळा रंग, आणून बसवला. देवाचं मरण 'मोर्ब्ल' झालं. फ्रान्सचा चौथा हेन्री रागावला की 'मी देवाला नाकारतो' अशा अर्थाचा उद्गार काढी. त्याचे पापनिवेदन ऐकणारे जेझुइट फादर कोतों यांनी हात जोडले: महाराज, नाकारायचंच तर मला नाकारा. तेव्हापासून राजा 'जार्निकोतों' म्हणू लागला, अशी आख्यायिका आहे. गुरूनं शिष्याचं पाप असं अक्षरशः स्वतःच्या नावावर घ्यावं, हे एखाद्या बखरीत शोभलं असतं. त्याच्याही फार आधी अथेन्समध्ये सॉक्रेटिस 'कुत्र्याची शपथ' म्हणत असे. देवांऐवजी हंसाची, कुत्र्याची, मेंढ्याची आण घ्यावी हा नियम पुराणकथेतल्या ऱ्हाडामँथिस राजानं घालून दिला, असं ग्रीक मानत.

ज्यू परंपरेत मात्र हीच वाट नेमकी उलट दिशेला गेली. देवाचं चार व्यंजनांचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून वाचताना 'अदोनाय' म्हणजे माझा प्रभू असं म्हणायचं. पुढे 'अदोनाय'च इतकं पवित्र झालं की प्रार्थनेबाहेर तेही टाळून 'हाशेम' म्हणू लागले. 'हाशेम'चा शब्दशः अर्थ 'ते नाव'. तिथं बदली शब्दावर मूळ शब्दाचं तेज चढत गेलं. लंडनमध्ये बदली शब्दानं मूळ शब्दाचं तेज उतरवलं. कृती एकच: नाव झाकायचं. पण एक जण झाकतो कारण त्याला ते नाव वापरायचं नाही, आणि दुसरा झाकतो कारण त्याला ते बिनधास्त वापरायचं आहे. हर्बर्टचं म्हणणं इथं पटू लागतं. तरीही दुसऱ्या माणसाला नास्तिक म्हणता येत नाही. ज्याला भीतीच नाही, तो झाकायच्या भानगडीत कशाला पडेल?

क्वेकर पंथानं गाठच कापून टाकली. शपथ मुळी घेऊच नका, तुमचं 'हो' हे हो असू द्या आणि 'नाही' हे नाही, अशी येशूची शिकवण मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आहे. ती त्यांनी जशीच्या तशी घेतली. जो रोज खरंच बोलतो त्याला देवाचा जामीन कशाला? कोर्टात बायबलवर हात ठेवायला नकार दिला म्हणून ते तुरुंगात गेले, 1662 मध्ये तर त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला. 1696 मध्ये पार्लमेंट नमलं आणि शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मुभा त्यांना मिळाली. पुढे नॉर्दम्प्टनचे नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी सभागृहात बसण्यासाठी झगडून ती वाट 1888 च्या कायद्यानं सगळ्यांना खुली केली. हेच ब्रॅडलॉ 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. भारतात कुणी मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ' घेतो आणि त्याच मंचावर दुसरा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करतो, तेव्हा त्या दुसऱ्यामागे या हट्टी मंडळींची रांग उभी असते.

पहिल्या चार्ल्सचं डोकं 1649 मध्ये उडवलं गेलं. नव्या प्युरिटन राज्यानं 1650 मध्ये शपथांचं दरपत्रकच काढलं: लॉर्डला पहिल्या खेपेला 30 शिलिंग, सरदाराला 20, आणि उतरत उतरत सामान्य माणसाला 3 शिलिंग 4 पेन्स. 1745 च्या कायद्यात मजूर, शिपाई आणि खलाशी यांना 1 शिलिंग, सभ्य गृहस्थांना 5. पाप सगळ्यांचं सारखं, प्रायश्चित्त ऐपतीप्रमाणे. आपल्याकडच्या स्मृतिकारांना यात काही नवल वाटलं नसतं.

'झाउंड्स'ला मात्र दंडानं मारलं नाही. त्याला फॅशननं मारलं. जॉर्ज फार्क्वारच्या 1698 मधल्या एका विनोदी नाटकात शहरात नव्यानं आलेल्या गड्याला उच्चार शिकवतात: 'झून्स' म्हणतात ते फौजेतून काढलेले अधिकारी आणि दांडगट, छैलछबिले लोक 'झॉन्स' म्हणतात. वाद आता स्वराचा होता. जखम कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. 1775 मध्ये शेरिडनच्या 'द रायव्हल्स'मध्ये बॉब एकर्स हा गावंढळ जमीनदार येतो, आणि विषयाला साजेलशी शपथ हवी असा एका फौजी अधिकाऱ्याकडून उचललेला सिद्धांत मोठ्या अभिमानानं मांडतो. बंदुकीची गोष्ट निघाली की चापाची आणि गारगोटीची आण, गाडीची निघाली की चाबकाची आणि चाकांची. प्रत्येक आणेच्या आधी 'ऑड्स' असतं. ते 'गॉड्स'चं उरलंसुरलं रूप आहे, हे एकर्सच्या गावीही नाही. प्रेक्षक त्याला हसले, आणि ज्या शपथेला हशा मिळू लागला तिची भीती कोण बाळगणार?

दंडाचा 1745 चा कायदा 1967 मध्ये रद्द झाला. आज इंग्रजी बोलणारा माणूस 'ओ माय गॉड' अख्खंच्या अख्खं म्हणतो, एक अक्षर न गिळता. आपल्याकडच्या कॉलेजातली पोरंपोरी तर दर दुसऱ्या वाक्याला. छाटून, पहिलं अक्षर ठेवून, टीव्हीवर 'बीप'खाली दाबून बोलायचे शब्द आता वेगळे आहेत, देहधर्माचे आणि वंशाचे. 'एन-वर्ड' म्हणताना अमेरिकन प्राध्यापक जितका जपून बोलतो, तितकं जपून 'झाउंड्स'च्या काळात फक्त देवाबद्दल बोलत.

शेक्सपिअर करणाऱ्या मंडळींना हा शब्द अजून तालमीत अडवतो. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला मर्क्युशिओ टिबॉल्टवर डाफरतो तिथं फोलिओत 'कम' आहे आणि जुन्या सुट्या प्रतीत 'झाउंड्स'. आजचे संपादक बहुधा जुना शब्द परत आणतात. मग नटानं विचारायचं की म्हणू कसं? 'वूंड'शी जुळणारं 'झून्ड्झ' म्हटलं तर समोरचा बुचकळ्यात पडतो. 'झाउंड्झ' म्हटलं तर जुन्या विनोदी कॉमिक्समधली हाक वाटून लोक हसतात, आणि मर्क्युशिओला त्याच प्रवेशात तलवारीच्या जखमेनं मरायचं असतं.